बांगड्यांच्या पेटीतला शिक्का

"शिक्का कुठाय तुझा?" सासूबाईंनी विचारलं.

त्या सोप्यात बसून हिरव्या बांगड्यांच्या माळा पेटीत रचत होत्या. निवास घेवड्यांच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न होतं आणि त्या दिवशी दुपारी तिचा चुडा भरायचा होता. आम्ही कासार. गडहिंग्लजमधल्या निम्म्या गल्ल्यांतल्या नवऱ्या मुलींचे चुडे माझ्या सासूबाईंनीच भरलेले. सगळं गाव त्यांना तानूअक्का म्हणायचं.

"कपाटात आहे. का हो?"

"घेऊन ये. आणि तुझं ते रजिस्टरबी."

"आई, आपण लग्नघरी चाललोय. तिथं नोटरीचा शिक्का कशाला?"

"चाळीसभर बायका जमणार. एकीला तरी लागंल का न्हाई?"

मी त्यांना शंभराव्यांदा सांगितलं, की वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि नोटरीला तर नाहीच नाही. नियम आहे तसा. हा नियम मला मनापासून आवडायचा. मी कुणाकडे जात का नाही, कुणाशी बोलत का नाही, असं कोणी विचारलं की मी तो पुढे करायची आणि त्याच्या मागं लपून बसायची.

"मी कुठं जाहिरात करतीया?" सासूबाई म्हणाल्या. "मी माझी पेटी न्यायला लागलीया. पेटीत शिक्का हाय. हाय तर हाय."

मी शिक्का आणला. त्यांनी तो बांगड्यांच्या माळांमध्ये असा बसवला, की काचेला धक्का लागू नये.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं. सनद घेऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण कोर्टात माझं तोंड उघडत नसे. हेरवाडकर वकिलांच्या ऑफिसात मी अर्ज लिहायची आणि ते बोलायचे. एकदा ते आजारी पडले म्हणून मला नुसती पुढची तारीख मागायला पाठवलं. जजसाहेबांनी विचारलं, "काय म्हणणं आहे?" मी फाईल पुढं केली आणि गप्प उभी राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. मी फाईल आणखी पुढं केली. सगळं कोर्ट हसलं. त्यानंतर मी कोर्टाच्या पायऱ्या चढले त्या फक्त अर्ज देण्यासाठी.

म्हणून नोटरीचं सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा मी आनंदानं रडले होते. वाटलं, आता सुटले. शिक्का मारायचा, सही करायची, रजिस्टरात नोंद करायची. तोंडाला काहीच काम नाही. तहसील कचेरीसमोर एक टेबल मांडलं, वर छत्री लावली आणि बसले.

बसूनच राहिले. शेजारचे नोटरी येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाक मारायचे, त्याच्या म्हशीची चौकशी करायचे, टायपिस्टला चहा पाजायचे, कुणाच्या बारशाला आणि कुणाच्या वास्तुशांतीला जाऊन यायचे. कागद त्यांच्याकडे जायचे. माझ्याकडे आलाच तर एखादा माणूस झेरॉक्सचं दुकान विचारायला यायचा. कुणी समोरून चालत आलं, की मीच खाली मान घालून रजिस्टर चाळायची. रजिस्टरात चाळण्यासारखं काही नव्हतं.

"बोलणाऱ्याचा कोंडा खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," असं सासूबाई म्हणायच्या. मला ते पटायचं. पण पटून काय उपयोग? अनोळखी माणूस समोर आला की माझ्या घशाला कोरड पडायची.

शेवटी नवऱ्याच्या मामेभावानं एका पतसंस्थेत नोकरी सांगितली. आतल्या खोलीत बसून कर्जाची कागदपत्रं तपासायची. पाडव्यापासून या म्हणाला. मी हो म्हटलं. नवरा म्हणाला, बरं झालं. मला मात्र आतून तुटत होतं. ते टेबल माझं होतं, माझ्या नावाचं होतं, आणि केवळ भित्रेपणापायी मी ते सोडणार होते. मनाशी ठरवलं होतं, पाडव्याच्या आत एकदा तरी, एका तरी अनोळखी माणसाशी नीट बोलून काम मिळवायचं. पाडवा पुढच्या आठवड्यावर आला होता.

घेवड्यांच्या अंगणात मांडव पडला होता. मधोमध सतरंजी अंथरलेली, प्रणाली पाटावर बसलेली, सभोवती बायकाच बायका. सासूबाई बसल्या आणि लगेच त्यांचं तोंड सुरू झालं. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा मुलगा पुण्याला गेला, सगळं त्यांना ठाऊक. बोलता बोलता त्या प्रणालीचा हात दाबत होत्या आणि बांगडी केव्हा मनगटावर गेली ते पोरीला कळतही नव्हतं.

"हात सैल सोड गं. ताठ धरलास तर बांगडी वाढंल," त्या म्हणाल्या. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

मी पेटीशी बसून माळा सोडून देत होते. मनात एकच चाललं होतं, की आता कुणाशी तरी बोलावं. शेजारी बसलेल्या बाईंकडं वळून मी म्हटलं, "ऊन फार आहे नाही?" त्या म्हणाल्या, "व्हय." माझं बोलणं तिथंच संपलं.

तेवढ्यात सासूबाईंनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ही माझी सून. वकील हाय. सरकारी शिक्का मारती!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बायका माझ्याकडं बघून हसल्या आणि पुन्हा आपापल्या बोलण्याला लागल्या.

मुलीचा चुडा झाल्यावर घरातल्या बायकांची पाळी आली. शेवटी कुणीतरी एका म्हातारीला धरून आणलं. ही निवासची आत्या, आक्काताई. लहानपणी पाय अधू झालेला, म्हणून लग्न झालं नाही. जन्मभर अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबली आणि या घरात राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू होता. प्रणालीची आई शालन मला म्हणाली, "कानबी गेल्यात दोन वर्सं. काय बोलायचं झालं तर हातानं सांगावं लागतंय."

सासूबाईंनी आक्काताईचा हात हातात घेतला आणि बांगडी चढवताना नेहमीच्या सवयीनं पुटपुटल्या, "अंगठा आत घे, आक्काताई." म्हातारीनं अंगठा आत घेतला. दोघी हसल्या.

त्याच वेळी निवास बाहेरून आला. हसतमुख गडी, बाजारपेठेत किराणा दुकान, व्यापारी मंडळात ऊठबस. बायकांच्या मध्ये न येता कडेनं माझ्यापाशी आला.

"वहिनी, तुम्ही नोटरी न्हवं? आत्ताच कळलं. बरं झालं बघा. माझं एक काम हाय, सोमवारी कचेरीकडं जाणारच हुतो." त्यानं खिशातून स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला कागद काढला. "घरातलं लाइटचं मीटर आत्याच्या नावावर हाय. माझ्या नावावर करायचंय. तिच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतंय. सही तिला येती. दोन मिंटांचं काम."

माझ्या आयुष्यातलं पहिलं काम, जे ओळखीतून आलं होतं!

"आणि एवढ्यावर न्हाई," निवास म्हणाला. "आमच्या मंडळाचे समदे कागद तुमच्याकडं पाठवतो. भाड्याचे करार, भागीदारीचे, काय म्हणाल ते. तुमच्या टेबलाला बसाय जागा ऱ्हाणार न्हाई."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी पेटीतून शिक्का काढून माझ्या मांडीवर ठेवलासुद्धा होता.

मी शिक्का घेऊन आक्काताईजवळ जाऊन बसले. कागद उघडला. सही घेण्याआधी तो समोरच्या माणसाला वाचून दाखवायचा आणि समजला का विचारायचं, हे काम नोटरीचं.

"वाचताय कशाला?" निवास हसत म्हणाला. "तिला दिसतबी न्हाई, ऐकूबी येत न्हाई. बोट ठेवा, तिथं सही करंल ती."

शालननं म्हातारीच्या हातात पेन दिलं होतं. मला निवासला दुखवायचं नव्हतं. मंडळाचे कागद डोळ्यांसमोर दिसत होते. पण न वाचता शिक्का मारायचा म्हटल्यावर हात पुढं जाईना. तेवढं एक तरी काम मला नीट येत होतं.

"वाचते," मी म्हटलं. आणि वाचायला लागले, माझ्या नेहमीच्या आवाजात. म्हणजे मला स्वतःलाच जेमतेम ऐकू येईल एवढ्या.

आक्काताईनं कानामागं हात धरला. "आँ?"

मी थोडा आवाज चढवला.

"आँ?"

आणखी चढवला. शेजारच्या दोघी-तिघी बोलायच्या थांबल्या.

"काय ऐकू येत न्हाई बाई," आक्काताई म्हणाली. "मोठ्यानं वाच की."

माझ्या कपाळाला घाम आला. कोर्टातलं ते हसू कानात वाजायला लागलं. वाटलं, कागद मिटावा, डोकं दुखतंय म्हणावं आणि घरी जावं. पण घरी गेले असते तर पाडव्याला पतसंस्थेतच गेले असते, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. मी उभी राहिले. डोळे कागदावर गच्च रोवले आणि पोटातून आवाज काढून ओरडले:

"मी, आक्काताई घेवडे, राहणार गडहिंग्लज, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की!"

कुणाच्या तरी हातातली वाटी सतरंजीवर पडली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरुवात झाली नसती. मीटरचा नंबर, पुतण्याचं नाव, हरकत नसल्याचं, सगळं ओरडून वाचलं. आणि खालच्या ओळीवर आले.

"सदर घरातील रस्त्याकडील खोलीत मी राहत नसून, सदर खोलीवर माझा कोणत्याही प्रकारचा ताबा अथवा वापर नाही!"

मागून एक बाई म्हणाली, "अगं बया! मग आत्या ऱ्हातीया कुठं?"

मी ती ओळ आधी मनात वाचली असती तर कदाचित निवासला बाजूला घेऊन विचारलं असतं, त्यानं काहीतरी सांगितलं असतं आणि मी मान डोलावली असती. आता ते शक्य नव्हतं. मी वाकून आक्काताईला विचारलं, तेवढ्याच मोठ्या आवाजात, "तुम्ही त्या खोलीत राहत नाही, असं यात लिहिलंय! खरं आहे का?"

"मग मी काय पिंपळावर ऱ्हातो व्हय?" आक्काताई म्हणाली.

सगळा मांडव हसला. निवास हसला नाही.

"ते टायपिस्टनं घातलंय ओ. समद्याच कागदांत असतंय तसं. तुम्ही शिक्का मारा."

"माझी आयुष्यभराची जागा," आक्काताई बोलतच होती, जणू त्याचं काही तिला ऐकूच आलं नव्हतं. "पगारातनं मीटर घेतलं मी. ह्या घरात माझ्या नावाचं दुसरं काय हाय? तेवढं लाइटबिलच न्हवं? मोठं मीटर हवं तर त्यानं नवं घ्यावं, माझी काय ना न्हाई. जुनं माझ्या खोलीला ऱ्हाऊ दे. मी मरंस्तवर खोलीबी माझी ऱ्हाऊ दे. असं ल्ही आणि मग सही घे."

बायकांच्यात कुजबूज सुरू झाली. शालन खाली बघत होती. प्रणाली पाटावरून उठून आली, दोन्ही हात हिरव्यागार चुड्यानं भरलेले.

"बाबा," ती म्हणाली, "आत्याआजी म्हणतीया तसं करा की."

निवासनं माझ्याकडं पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, मंडळाचे कागद..."

एवढं ओरडल्यावर भ्यायला काही उरलंच नव्हतं.

"निवासभाऊ, या कागदावर मी शिक्का मारणार नाही," मी म्हटलं. "आक्काताई म्हणतात तसा दुसरा टाइप करून आणा. सोमवारी कचेरीसमोर मी आहेच. त्यांना बरोबर घेऊन या. त्या समोर नसतील तर तोही होणार नाही." शेवटचे शब्द सगळ्यांना ऐकू गेले. तेव्हापासून माझा आवाज खाली आलाच नाही.

सासूबाईंनी शिक्का माझ्या हातातून घेतला आणि परत पेटीत ठेवला. वाटेत त्या माझ्या पुढं झपाझपा चालत होत्या. मला वाटलं, चिडल्या असतील. एवढं मोठं काम हातचं गेलं होतं.

"मंडळाचे कागद गेले, आई," मी म्हटलं.

"जाऊ देत. मंडळात पंचवीस माणसं," त्या म्हणाल्या. "मांडवात चाळीस बायका हुत्या."

सोमवारी मी टेबल मांडलं तेव्हा छत्री उघडायच्या आधीच दोन बायका उभ्या होत्या. एकीचा भाऊ वाटणीच्या कागदावर सही मागत होता. तो कागद तिला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवा होता. दुसरीला नवऱ्यानं आणलेल्या कर्जाच्या हमीपत्रात काय आहे ते समजून घ्यायचं होतं. मी दोन्ही वाचले. दुसरीनं सही केली नाही. शिक्का एकावरच पडला, पण दोघी बसून चहा पिऊन गेल्या. तिथं बसून त्यांच्याशी बोलताना मी एकदाही रजिस्टर चाळलं नाही.

दुपारी निवास आला. सोबत रिक्षातून आक्काताई. नवा कागद त्यानं टाइप करून आणला होता. तोंड लहान झालं होतं, पण आला होता. लग्न पार पडलं होतं आणि त्या दोन दिवसांत पाहुण्यांमधल्या बायकांनी त्याला आत्याच्या खोलीविषयी काय काय विचारलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी आक्काताईच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. ती आणायला तो रस्त्यापलीकडं गेला.

मी आक्काताईकडं वळून ओरडले, "बसा हो! पाणी हवं का?"

"हळू बोल की," ती म्हणाली. "बहिरी न्हाई मी."

सासूबाईंच्या पुटपुटण्यावर तिनं अंगठा आत घेतलेला मला आठवला.

"घरात बहिरं झालं की समदं ऐकू येतं, पोरी," ती म्हणाली. "माझ्या म्होरंच बसून बोलायची दोघं नवरा-बायको. आत्याची खोली रस्त्याकडची, मसाल्याच्या मशिनीला बरी, मीटर मोठं करून घ्यायचं. आत्याला मागच्या पडवीत टाकायचं. मला कागदाचं कवाच ठावं हुतं. पर मी एकटीनं न्हाई म्हटलं असतं, तर म्हातारी चळली म्हणाली असती. चारचौघींनी ऐकाय पायजे हुतं."

"म्हणून मला मोठ्यानं वाचायला लावलंत?"

"तू वाचाय लागलीस तर आवाज मांजराच्या पिल्लागत. म्हटलं, ह्या पोरीलाबी भ्या वाटतंय. मला तर चार दिस झोप न्हवती. दोघींतल्या एकीनं तरी वरडाय पायजे का न्हाई?" तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "मी वरडून काय उपेग? शिक्का तुझ्याकडं हुता."

डोळे भरून आले होते. कोर्टातल्या त्या हसण्यापासून इतकी वर्षं मला वाटत होतं, की भीती फक्त मलाच वाटते आणि बाकी सगळं जग धीट आहे.

रस्त्यापलीकडून निवास झेरॉक्स घेऊन येताना दिसला. आक्काताईनं पदर सारखा केला, मान खाली घातली आणि एकदम पुन्हा म्हातारी झाली.

तो टेबलापाशी आला. मी नवा कागद हातात घेतला. अलीकडं टायपिस्ट, पलीकडं चहाची टपरी, शेजारच्या नोटरींच्या टेबलांशी उभी असलेली माणसं, सगळी जागच्या जागी होती. मामेभावाला त्याच संध्याकाळी नोकरी नको असा निरोप द्यायचा, हे मी ठरवून टाकलं होतं.

आक्काताईनं कानामागं हात धरला.

"आँ?"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. टपरीवरच्या चहावाल्यानं हातातला ग्लास तसाच धरून माझ्याकडं पाहिलं.